तमारा इथे राहत नाही

भयपट मला झेपत नाहीत. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच भयपट लावायचं ठरलं की पहिली हाक मला पडते. आपण एकट्यानेच घाबरायचं यात तरुण पोरांना मजा येत नाही. आपल्यापेक्षा जास्त घाबरणारा माणूस बाजूला बसलेला लागतो, म्हणजे त्याच्याकडे बघून हसता येतं आणि हसता हसता आपली भीतीही त्याच्याच खात्यावर जमा करता येते. दुसऱ्या दिवशी सगळ्या नातेवाइकांत बातमी जाते ती ‘काका किंचाळले’ अशी. प्रत्यक्षात दोघं किंचाळलेले असतात.

ही भीती आजची नाही. १९९३ साली ‘झी हॉरर शो’ सुरू झाला तेव्हा शीर्षकसंगीत वाजलं की मला तहान लागायची. मी उठून पाणी प्यायला जायचो आणि जाहिराती लागेपर्यंत पीत राहायचो. पुढे १९९५ मध्ये ‘आहट’ आली, तेव्हा पाण्याऐवजी दाराखिडक्या तपासायला उठू लागलो. आता वयाप्रमाणे युक्त्या सुधारल्या आहेत. सगळ्यात उत्तम युक्ती म्हणजे चष्मा काढून ठेवणं. माझा नंबर मोठा आहे. चष्मा उतरवला की खुनी आणि फ्रिज यांच्यात काही फरक उरत नाही. दोघंही उंच, पांढुरके आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभे. बाकीचे श्वास रोखून बसलेले असतात आणि मी त्या पांढुरक्या ठिपक्याकडे शांतपणे बघत असतो.

पण कानांचं काय करायचं? डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत, आणि भयपटवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. कॅलिफोर्नियात डॅनियल ब्लमस्टिन नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत. ते मार्मट या डोंगरात बिळं करून राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या गुबगुबीत प्राण्यांचा अभ्यास करतात. मार्मटचं पिल्लू हातात धरलं की ते जी फाटकी, बेसूर किंचाळी फोडतं ती ऐकून यांच्या डोक्यात आलं, की सिनेमातले संगीतकारही असलेच आवाज वापरत असतील का? मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शंभराच्या वर सिनेमे तपासले आणि २०१० मध्ये निबंध छापला. भयपटांत असले फाटके, गोंगाटी आवाज खरोखरच जास्त निघाले. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होतो तो खुनी नव्हता, घाबरलेली खार होती. हे कळल्यावरही भीती कमी झालेली नाही, फक्त खारीबद्दलचं मत बदललं आहे.

आपल्या मराठी भुतांबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. ती फार शिस्तीची आहेत. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानवाटेवर. प्रत्येकाला नेमून दिलेली जागा आहे आणि बदलीचा अर्ज कोणी करत नाही. पिंपळ टाळला की मुंजा टळला. रात्री विहिरीवर गेलाच नाहीत तर हडळ तुमच्या घरी येऊन ‘आज दिसला नाहीत?’ असं विचारत नाही. या भुतांचा आणि माझा आजवर कधीच संबंध आला नाही, याचं कारण मी संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पडत नाही. घर ही सुरक्षित जागा, या एकाच समजुतीवर माझं सगळं आयुष्य उभं आहे.

नाताळच्या सुट्टीत डोंबिवलीहून आलेल्या पुतणीने नेमकी तीच समजूत हेरली. “काका, या सिनेमात भूत नाही,” ती म्हणाली. “एकसुद्धा नाही. मांत्रिक नाही, बाहुली नाही, विहीर नाही.” विहीर नाही म्हटल्यावर मी खुर्चीत बसलो. भूत नसलेल्या भयपटात असतं तरी काय, हा प्रश्न मला वेळेवर सुचला नाही.

असतात माणसं. घरात शिरणारी माणसं. सिनेमाच्या या जातीत एक घर असतं, घरात एखादं जोडपं किंवा एकटी बाई असते, रात्र असते, आणि कोणीतरी दार वाजवतं. बस्स. ही कल्पना सिनेमाइतकीच जुनी आहे. १९०९ मध्येच डी. डब्ल्यू. ग्रिफिथने ‘द लोनली व्हिला’ काढला होता: आई आणि मुली घरात, दाराबाहेर चोर, बाप दूर आणि मध्येच तुटणारा टेलिफोन. शंभराहून जास्त वर्षांत चोरांनी मुखवटे बदलले, पण टेलिफोन अजून तसाच ऐनवेळी बंद पडतो. आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात, तीही वाकून उभं राहिलं तर मिळते. त्यामुळे या एका बाबतीत मला त्या लोकांशी मनापासून सहानुभूती आहे.

आमचं घर म्हणजे कुठलं ते सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. आम्ही पालीत राहतो. पाली म्हटलं की लोक हात जोडतात आणि बल्लाळेश्वराचं दर्शन रोज होत असेल ना, असं विचारतात. ती अष्टविनायकातली पाली रायगडात. काहींना पाली हिल आठवतं आणि ते आमच्याकडे नव्याच आदराने बघू लागतात. आमची पाली या दोन्हींहून वेगळी: भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला बस धरायची, मुर्धा, राई, मोरवा मागे टाकायचे, आणि मासळीचा वास आला की उतरायची तयारी करायची. उत्तन, पाली, चौक ही सगळी समुद्राला लागलेली, ख्रिस्ती कोळ्यांची जुनी गावं. या भागाला धारावी बेट म्हणतात, त्यामुळे एकदा आमचे एक पाहुणे सायनला उतरले होते.

बसवरून आठवलं. भयपटाच्या धंद्यात ‘ल्यूटन बस’ नावाची एक प्रसिद्ध युक्ती आहे. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री एकटी चाललेली असते, मागे कोणाची तरी चाहूल असते, आता झडप पडणार असं वाटतं आणि फिस्सकन आवाज होतो. तो असतो बसच्या ब्रेकचा. प्रेक्षक खुर्चीतून उडतात आणि बाई निमूटपणे बसमध्ये चढते. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावावरून पुढे असल्या सगळ्या फुसक्या दचक्यांना ‘ल्यूटन बस’ म्हणू लागले. भाईंदर स्टेशनबाहेर रात्री आमच्या बाजूच्या बसची वाट पाहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बस अचानक समोर उभी राहिली की तिथेही माणसं दचकतात, पण आनंदाने.

तर पुतणीने लावलेला सिनेमा होता ‘द स्ट्रेंजर्स’. २००८ सालचा, ब्रायन बर्टिनो या दिग्दर्शकाचा. सुमारे नव्वद लाख डॉलरमध्ये काढलेला आणि जगभर आठ कोटी डॉलरच्या वर कमावलेला. म्हणजे माझ्यासारख्या बळेच बसवलेल्या काकांची संख्या जगात मोठी असावी. लिव्ह टायलर आणि स्कॉट स्पीडमन हे जोडपं एका लग्नाच्या पार्टीहून रात्री आडवाटेच्या घरात येतं. त्याने तिला लग्नाचं विचारलेलं आहे, तिने नाही म्हटलेलं आहे, आणि त्याने आधीच सगळीकडे गुलाबाच्या पाकळ्या पसरून ठेवल्या आहेत. इथपर्यंत मी पुष्कळ घाबरलो. नकार मिळाल्यावर त्या पाकळ्या झाडायच्या कोणी, हा विचारच अंगावर काटा आणणारा आहे.

मग पहाटे चारला दार वाजतं. अंगणातला दिवा लागत नाही, म्हणून चेहरा दिसत नाही. एक मुलगी विचारते, तमारा घरी आहे का? हे सांगतात, इथे कोणी तमारा राहत नाही. ती निघून जाते. आणि आता तो गडी काय करतो? बाहेर जातो. पहाटे चारला, अनोळखी मुलगी अंधारात फिरत असताना, नकार दिलेल्या मैत्रिणीची सिगारेट संपली म्हणून ती आणायला गाडी काढतो. मी चष्मा घातला. इतका समजूतदार पुरुष नीट पाहायला हवा होता.

तो गेल्यावर पुन्हा दार वाजतं. पुन्हा तमारा. मग पुढचा प्रसंग, जो या सिनेमातला सर्वांत नावाजलेला आहे. ती स्वयंपाकघरात उभी असते आणि मागे, अंधाऱ्या दारात, तोंडावर गोणपाट बांधलेला एक माणूस हळूच येऊन उभा राहतो. संगीत नाही, खार नाही, काही नाही. तिला कळत नाही, आपल्याला दिसतं. तो नुसता उभा राहतो आणि बघतो. आमच्या खोलीतही कोणी हलेना. पुतणीने उशी तोंडाशी धरली होती, बायकोने लसूण सोलायचा थांबवला होता, आणि त्या शांततेत माझ्या कानाच्या अगदी मागून आवाज आला:

“हिचं माहेर कुठलं?”

तिघंही किंचाळलो. ‘काका किंचाळले’ ही बातमी या वेळीही डोंबिवलीला गेलीच, पण तिघं हा आकडा मी इथे लेखी देऊन ठेवतो.

शेजारच्या मावशी होत्या. आमच्या मागे, भिंतीला लावलेल्या बाकड्यावर, मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन, किती वेळ बसल्या होत्या देव जाणे. दार लोटलेलं होतं, त्या आल्या आणि बसल्या. पालीत दार वाजवून येतो तो एक तर बिल घेऊन आलेला असतो किंवा मत मागायला. बाकी सगळे सरळ येतात. मावशींची बोली फार गोड आहे. तिची नक्कल करण्याच्या फंदात मी पडत नाही, त्या काय म्हणाल्या तेवढं सांगतो.

त्यांनी पहिल्यापासून सगळं समजून घेतलं. सिनेमा थांबवावा लागला. लग्न कोणाचं होतं, हिने नाही का म्हटलं, मुलगा दारू पितो का, घर कोणाच्या नावावर, शेजारी कोण. शेजारी नाहीत म्हटल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. “म्हणजे मासळी आणली तर वाटा कोणाला पाठवणार?” या प्रश्नावर पुतणीकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं बर्टिनोकडेही नसावं.

मग तमाराचा विषय निघाला. मावशींच्या मते सगळं तिथेच बिघडलं. पोरगी पहाटे दारात येऊन नाव घेऊन विचारते आणि हे ‘इथे राहत नाही’ म्हणून दार लावतात? ही काय रीत झाली? कुठली तमारा, कोणाची मुलगी, वाडीतली की चौकला दिलेली, तिला भेटायचं काम काय, हे विचारायला नको? त्यांच्या माहितीत एक तमारा होतीही. तिचं लग्न, सासू, सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन हे सगळं ऐकेपर्यंत पडद्यावरचा तो गोणपाटवाला दारात तसाच थिजून उभा होता. मला त्याची दया येऊ लागली. एरवीही पालीच्या हिशेबाने त्याच्यात काही विशेष नव्हतंच. पावसाळ्यात धक्क्यावर बर्फ आणि पाट्या वाहणारे निम्मे लोक डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन असेच दारात उभे राहतात आणि चहा मागतात.

आणि पहाटे चार! या वेळेला भीतीची वेळ ठरवणाऱ्या माणसाने कोळीवाडा पाहिलेला नाही. चारला आमच्या गल्लीत भरतीच्या हिशेबाने बोटीवर निघालेल्या माणसांची ये-जा असते. कोणीतरी कोणाला तरी हाका मारत असतं. टोपल्या टेम्पोत चढत असतात, टेम्पो मागे घेताना तीच ती धून वाजत असते, कुत्री आपापली हद्द सांभाळत असतात, आणि थोड्या वेळाने पहाटेच्या मिस्सेला जाणाऱ्या आज्यांच्या चपला वाजू लागतात. अशा वेळी दारात एक अनोळखी पोरगी नुसती उभी दिसली, तर तिला पहिल्यांदा एका टोपलीची दुसरी कडा धरायला सांगतील. हातात सुरी असली तर फारच चांगलं. साफ करायला मासळी पुष्कळ असते.

पण एक खरं, की दाराशी येऊन भलत्याचंच नाव विचारायची ही युक्ती नुसती कल्पना नव्हे. बर्टिनोने मुलाखतींत सांगितलं आहे की त्याच्या लहानपणी असंच कोणीतरी घराशी येऊन तिथे न राहणाऱ्या माणसाची चौकशी करून गेलं, आणि नंतर कळलं की ज्या घरांतून उत्तर आलं नाही ती घरं त्या रात्री फोडली गेली. आणि गंमत म्हणजे ‘द स्ट्रेंजर्स’च्या नऊ वर्षं आधी आपल्याकडच्या सिनेमात हेच होऊन गेलं होतं. राम गोपाल वर्माच्या ‘कौन?’मध्ये (१९९९) ऊर्मिला मातोंडकर पावसाच्या दिवशी मोठ्या घरात एकटी असते, टीव्हीवर मोकाट सुटलेल्या खुन्याची बातमी असते, आणि मनोज बाजपेयी घंटा वाजवून वाजवून मल्होत्रा साहेबांना विचारत राहतो. मल्होत्रा तिथे राहत नसतात. एक घर, तीन पात्रं, एकही गाणं नाही, लेखन अनुराग कश्यपचं. शेवट सांगत नाही, पण त्यानंतर मी घंटा वाजवणाऱ्यापेक्षा दार उघडणाऱ्याला जास्त भिऊ लागलो. त्याही आधी, १९६९ मध्ये, यश चोप्रांच्या ‘इत्तफाक’मध्ये राजेश खन्ना पागलखान्यातून पळून एका घरात घुसतो आणि घरात असते नंदा, म्हणजे आपल्या मास्टर विनायकांची मुलगी. तोही सिनेमा बिनगाण्यांचा. हिंदी सिनेमाला घरात घुसखोर शिरवायचा असला की दाराआड मराठी मुलगी लागते आणि गाणी नको होतात, याचं कारण कोणीतरी शोधायला हवं. माझा अंदाज असा, की मराठी मुलगी दार उघडण्याआधी इतके प्रश्न विचारते की गाण्याला वेळच उरत नाही.

मला या सिनेमांची जास्त भीती वाटायची ती आम्ही मीरा रोडला, चौदाव्या मजल्यावर राहत होतो तेव्हा. फाटकावर पहारेकरी, त्याच्यापुढे वही, वहीच्या जोडीला मोबाइलवर येणारी परवानगी, लिफ्टमध्ये कॅमेरा, लोखंडी जाळीचं दार, त्यामागे लाकडी दार, त्याला वर कडी, खाली कडी, मध्ये साखळी आणि सगळ्यांच्या मधोमध ते बघायचं भोक. त्या भोकातून कधी निरखून पाहिलंत? पेढे घेऊन आलेला सख्खा भाऊसुद्धा त्यातून फरारी दिसतो. नाक हातभर पुढे, कान पाठीमागे गेलेले, कपाळ आणि हनुवटी कडेला वळलेली, आणि हातातल्या पेढ्यांच्या पुड्यात नक्की काहीतरी धारदार असणार अशी खात्री. रात्री साडेअकराला घंटा वाजली की आम्ही दोघं टीव्ही बंद करून, घरात कोणी नसल्यासारखे, एकमेकांकडे बघत बसायचो. बाहेरचा माणूस कंटाळून गेला की आत जाऊन पुन्हा एकदा साखळी तपासायची. कोण आलं होतं हे कळायला सकाळ व्हावी लागे, आणि बहुतेक वेळा ते वरच्या मजल्यावरचं चुकलेलं पार्सल असायचं.

पाली म्हणजे रामराज्य असं मी म्हणणार नाही. इथेही बोटीचं सामान जातं, इथेही खिडक्यांना जाळ्या आहेत, आणि गल्लीच्या तोंडाशी आता कॅमेरा लागला आहे. त्याच्यासमोर मांजर वाळत घातलेले बोंबील ओढून नेतं आणि कॅमेरा ते इमानदारीने टिपून ठेवतो. दागिने कपाटात कुलपाखाली असतात. फक्त घराचं दार सगळ्यांचं असतं. त्याचा त्रासही होतो. आमच्या फ्रिजमध्ये काय आहे हे आमच्या आधी गल्लीला माहीत असतं. मी पेन्शन किती घेतो हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तरी मावशींनी सांगितलेला आकडा बरोबर होता. या अर्थाने आमच्या घरावर रोजच धाड पडते. तिच्यावर सिनेमा काढला तर तीन तासांचा होईल आणि त्यात चहा सहा वेळा होईल.

तशी या बेटाला घुसखोरांची सवय जुनी. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली. ते आले, राहिले आणि आडनावं देऊन गेले. मग चिमाजी अप्पांची मोहीम. इथून थोड्या अंतरावर चौकला धारावीचा किल्ला आहे, तो घेतल्यावर १७३९ च्या मे महिन्यात वसई मराठ्यांकडे आली. १७७४ च्या अखेरीला इंग्रजांनी साष्टी बळकावली. यांच्यापैकी कोणीही आधी दार वाजवून तमाराची चौकशी केल्याची नोंद नाही. त्या मानाने गोणपाटवाला फारच सभ्य.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. मावशी आता पुढच्या रांगेत होत्या. यानंतर भयपट असा उरलाच नाही, पंचायत सुरू झाली. धूर कोंडल्यामुळे वाजणाऱ्या भोंग्याला त्यांनी ‘दूध उतू गेलं असेल’ म्हटलं. फोन गायब झाला तेव्हा ‘बघ, उशीखाली असेल’ म्हटलं. गाडी घेऊन गेलेला गडी परत आला तेव्हा त्याला पाणी विचारलं नाही म्हणून नायिकेला नावं ठेवली. पुतणी दात-ओठ खात होती. मी मात्र कित्येक वर्षांत पहिल्यांदा चष्मा घालून, उशी न घेता, पाणी प्यायला न उठता भयपट बघत होतो.

मध्येच वीज गेली. पाच-सात मिनिटंच. १९६७ साली ऑड्री हेपबर्नचा ‘वेट अंटिल डार्क’ लागला तेव्हा शेवटच्या प्रसंगाला चित्रपटगृहांतले दिवे एकेक करून मालवले जायचे, जाहिरातीतच तसं सांगून ठेवलेलं असायचं. त्यात ती अंध बाई घरातले सगळे दिवे फोडते, म्हणजे घुसलेल्या खुन्याची आणि तिची बरोबरी व्हावी. आमच्याकडे ही सोय महिन्याच्या बिलातच येते. अंधारात समुद्राचा आवाज मोठा झाला, माझा हात उशीकडे गेला, आणि तेवढ्यात गल्लीतून चार घरांमधून एकच प्रश्न एकदम आला: तुमच्याकडे पण गेली का? नेहमीप्रमाणे मावशींनी ओरडून सांगितलं की गेली, आणि इकडे सिनेमा चाललाय, खुनी घरात शिरलाय, वीज आली की या. मी त्या वेळी या वाक्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही.

शेवटाला ते जोडपं खुर्च्यांना बांधलेलं असतं आणि ती विचारते, आमच्याशीच असं का? उत्तर येतं ते एवढंच, की तुम्ही घरी होतात म्हणून. या उत्तरावर जगभरच्या समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत: काही कारण नसणं हीच खरी भीती वगैरे. पुतणीच्या अंगावरही शहारा आला. मी वळून मावशींना विचारलं, “मावशी, तुम्ही आज कशा काय आलात?”

“दिवा दिसला,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, घरी दिसता.”

समीक्षकांनी पालीत येऊन राहावं.

दुसऱ्या दिवशी पुतणीने चंग बांधला. याचा दुसरा भाग, २०१८ चा ‘प्रे ॲट नाइट’, रात्री दार लावून, दिवे मालवून, कोणालाही न बोलावता बघायचा. खिडकीचे पडदे ओढले. आवाज हळू केला. पण ‘वीज आली की या’ हे निमंत्रण रद्द केल्याचं कोणी जाहीर केलं नव्हतं. नवाच्या सुमारास दार ढकललं गेलं. मावशी, त्यांच्या जाऊबाई, जाऊबाईंचा नातू, समोरचे दोन भाऊ, नाताळ म्हणून वसईहून आलेली त्यांची बहीण, आणि या सगळ्यांच्या मागोमाग प्लास्टिकच्या खुर्च्या. भाजलेल्या बोंबलांची ताटली फिरू लागली. या भागात आई-बाप आणि दोन मुलं रात्री उशिरा काकांच्या ओस पडलेल्या वसाहतीत पोचतात. नातेवाइकांकडे जायचं तर उजेडी जावं, हा मुद्दा समोरच्या भावांनी लगेच मांडला. जाऊबाईंचं म्हणणं, काकीने दोन दिवस फोन केला नाही तेव्हाच ओळखायला हवं होतं. नातू खुन्याच्या बाजूने होता.

आता काहीतरी होणार, असं वाटायच्या वेळेला अडीचशे पावलांवर राहणाऱ्या एक आजी हळूहळू आल्या. त्यांना गुडघ्यांमुळे उशीर झाला होता, आणि सुरुवात चुकली म्हणून त्या हिरमुसल्या. पुतणीने माझ्याकडे पाहिलं. मी रिमोट मावशींच्या हातात दिला. त्यांनी सिनेमा पहिल्यापासून लावला, आणि तोवर मेलेली सगळी माणसं उठून, कपडे झटकून, पुन्हा त्या गाडीत बसून काकांकडे निघाली.